३० सर्किटे, २० एर्लांग आणि ४ टक्के ब्लॉकिंग : सूत्र बरोबर असूनही आकडे का जुळत नाहीत

प्रश्न असा आहे. एका स्थानिक एक्स्चेंजमधून टँडेम एक्स्चेंजकडे, म्हणजे इतर एक्स्चेंजांना आपसांत जोडणाऱ्या मधल्या एक्स्चेंजकडे, ३० सर्किटांचा एक गट जातो. बिझी अवरमध्ये, म्हणजे दिवसातल्या सर्वाधिक वर्दळीच्या तासात, या गटावर सरासरी २० एर्लांग ट्रॅफिक (एकाच वेळी सरासरी २० कॉल चालू असतील इतका) मोजला गेला. एर्लांगच्या सूत्रात हे दोन आकडे घातले की ब्लॉकिंगची, म्हणजे सर्व सर्किटे व्यस्त असल्याने कॉल अडण्याची, संभाव्यता ०.८५ टक्के येते, परंतु एक्स्चेंजचा काउंटर जवळजवळ ४ टक्के कॉल अडल्याचे दाखवतो. याच स्थानिक एक्स्चेंजमधून शेजारच्या पाच एक्स्चेंजांकडे प्रत्येकी १० सर्किटांचे थेट मार्ग आहेत, प्रत्येक मार्गावर साधारण १० एर्लांग ट्रॅफिक येतो आणि थेट मार्ग भरला की कॉल टँडेमच्या गटावर वळवले जातात. चूक मोजणीत आहे, सूत्रात आहे की एक्स्चेंजमध्ये, असे विचारले आहे.

माझे उत्तर असे की सूत्र चुकलेले नाही आणि बहुधा काउंटरही चुकलेला नाही. सूत्राला ज्या प्रकारचा ट्रॅफिक अपेक्षित आहे, त्या प्रकारचा ट्रॅफिक या गटावर येतच नाही. एर्लांग हे एकक केवळ सरासरी सांगते, आणि ब्लॉकिंग सरासरीमुळे नव्हे तर सरासरीभोवतीच्या चढउतारांमुळे होते.

हे सूत्र आले कोठून ते थोडक्यात पाहू, कारण त्याची गृहीतके तिथेच दडलेली आहेत. आग्नर क्रारुप एर्लांग हे डॅनिश गणिती १९०८ पासून कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करत होते. १९०९ साली त्यांनी दाखवून दिले की अनेक ग्राहक एकमेकांशी संबंध नसताना कॉल करतात तेव्हा ठरावीक वेळात येणाऱ्या कॉलची संख्या प्वासाँच्या नियमाप्रमाणे, म्हणजे स्वतंत्र यादृच्छिक घटनांच्या संख्येच्या नियमाप्रमाणे, असते. १९१७ साली त्यांनी स्वयंचलित एक्स्चेंजसाठीचे आपले प्रसिद्ध सूत्र मांडले. त्यामागचा विचार असा : गटातली काही सर्किटे आत्ता व्यस्त आहेत; नवा कॉल आला की ही संख्या एकाने वाढते आणि चालू कॉल संपला की एकाने घटते. दीर्घकाळात प्रत्येक पायरीवरून वर जाण्याचा आणि तिथवर परत खाली येण्याचा वेग सारखा असला पाहिजे. या समतोलावरून गट किती काळ पूर्ण भरलेला असेल ते निघते, आणि कॉल निव्वळ यादृच्छिक रीतीने येत असल्यामुळे गट भरलेला असण्याच्या काळाचा वाटा आणि अडलेल्या कॉलचा वाटा एकच ठरतो. ही शेवटची समानता लक्षात ठेवावी. पुढे ती मोडणार आहे.

हिशेब करायला तक्ते लागत नाहीत. शून्य सर्किटांना ब्लॉकिंग १ धरावे. पुढच्या प्रत्येक सर्किटासाठी आधीचे ब्लॉकिंग ट्रॅफिकने गुणावे आणि आलेल्या गुणाकाराला, सर्किटांची संख्या अधिक तोच गुणाकार, यांनी भागावे. ट्रॅफिक ३ एर्लांग असेल तर एका सर्किटाला ३ भागिले ४, म्हणजे ०.७५; दोन सर्किटांना २.२५ भागिले ४.२५, म्हणजे ०.५३, असे करत सात सर्किटांना ०.०२२ आणि आठ सर्किटांना ०.००८. म्हणजे ३ एर्लांगसाठी १ टक्क्याच्या आत राहायचे तर ८ सर्किटे हवीत. नवख्या अभियंत्याने हा हिशेब एकदा तरी हाताने करावा, असे मी आग्रहाने सांगतो. प्रत्येक जादा सर्किटाने ब्लॉकिंग किती झपाट्याने उतरते ते तक्ता वाचून तसे कळत नाही.

काही जणांचा पहिला संशय कॉलच्या कालावधीवर जातो. प्रत्यक्षातले कालावधी घातांकी वितरणाला धरून नसतात, काही कॉल दहा सेकंदांत संपतात आणि काही तासभर चालतात, म्हणून सूत्र चुकते, असे ते म्हणतात. हा संशय निराधार आहे. अडलेला कॉल निघून जातो अशा व्यवस्थेत एर्लांगचे सूत्र केवळ सरासरी कालावधीवर अवलंबून असते, वितरणाच्या आकारावर नाही. याची काटेकोर सिद्धता रशियन गणिती सेवास्त्यानोव यांनी १९५७ साली दिली. कॉल येण्याच्या पद्धतीबाबत मात्र सूत्र अशी सवलत देत नाही, आणि आपल्या गटाची अडचण तिथेच आहे.

टँडेमच्या गटावर येणारे २० एर्लांग एकाच उगमाचे नाहीत. पाच थेट मार्गांवरून ओव्हरफ्लो, म्हणजे मार्ग भरल्यामुळे वळवलेला ट्रॅफिक, किती येतो ते आधी काढू. १० सर्किटांवर १० एर्लांग देऊ केले तर ब्लॉकिंग २१.५ टक्के येते, म्हणजे प्रत्येक मार्गावरून २.१५ एर्लांग आणि पाचांचे मिळून सुमारे १०.७ एर्लांग टँडेमकडे वळतात. उरलेले ९.३ एर्लांग थेट टँडेमकडेच जाणारे असले पाहिजेत. अर्ध्याहून अधिक ट्रॅफिक ओव्हरफ्लोचा आहे. धरणाच्या सांडव्यावरून पाणी रोज थोडे थोडे वाहत नाही. धरण भरेपर्यंत एक थेंब येत नाही आणि भरले की येणारा सगळा लोंढा तिथूनच जातो. थेट मार्गही तसाच वागतो. साधारण ७९ टक्के वेळ तो टँडेमकडे एकही कॉल पाठवत नाही आणि उरलेल्या २१ टक्के वेळात आपल्याकडे येणारा प्रत्येक नवा कॉल तिकडे ढकलतो. सरासरी २.१५ एर्लांगच राहते, पण हा २.१५ एर्लांगचा संथ प्रवाह नसतो.

हा फरक किती मोठा आहे ते एका अचूक उदाहरणाने दाखवता येते. समजा, एका थेट मार्गाच्या ओव्हरफ्लोसाठी ७ स्वतंत्र सर्किटे ठेवली. एर्लांगच्या सूत्रात २.१५ एर्लांग आणि ७ सर्किटे घातली की ब्लॉकिंग ०.५ टक्के येते. पण आधी थेट मार्गाची १० आणि मग ही ७ सर्किटे शोधणारा कॉल, म्हणजे खरे तर १७ सर्किटांच्या एकाच गटावर येणारे १० एर्लांग. १७ सर्किटांना ब्लॉकिंग १.३ टक्के, म्हणजे वाया जाणारा ट्रॅफिक ०.१३ एर्लांग. तो २.१५ एर्लांगच्या तुलनेत ६ टक्के होतो. सूत्र तेच, सरासरी तीच, सर्किटेही तीच, आणि तरी उत्तर बारा पट वेगळे! या एका उदाहरणाने ओव्हरफ्लोबद्दलचे बहुतेक गैरसमज दूर व्हावेत.

अनेक मार्गांचे ओव्हरफ्लो एकाच गटात मिसळतात तेव्हा असा सोपा हिशेब करता येत नाही. त्यासाठी बेल प्रयोगशाळेतल्या विल्किन्सन यांनी १९५६ साली मांडलेली पद्धत वापरतात. तिचा गाभा असा की ट्रॅफिकचे वर्णन एका आकड्याने न करता दोन आकड्यांनी करायचे : सरासरी आणि प्रचरण, म्हणजे सरासरीभोवतीचे चढउतार किती मोठे आहेत त्याचे माप. निव्वळ यादृच्छिक ट्रॅफिकमध्ये हे दोन्ही समान असतात. ओव्हरफ्लोचे प्रचरण काढण्यासाठी आधी देऊ केलेल्या ट्रॅफिकला, सर्किटांची संख्या अधिक १ अधिक ओव्हरफ्लोची सरासरी उणे देऊ केलेला ट्रॅफिक, यांनी भागावे. त्या भागाकारात १ मिळवून ओव्हरफ्लोची सरासरी वजा करावी आणि जे उरेल त्याला त्याच सरासरीने गुणावे. आपल्या प्रत्येक मार्गासाठी प्रचरण ४.३६ येते, म्हणजे सरासरीच्या दुपटीहून किंचित अधिक. पाच मार्ग एकमेकांवर अवलंबून नाहीत असे मानले तर प्रचरणांची बेरीज करता येते : ओव्हरफ्लोचे २१.८ आणि थेट ट्रॅफिकचे ९.३, मिळून सुमारे ३१. सरासरी २०, प्रचरण ३१; या दोहोंच्या गुणोत्तराला आमच्या व्यवसायात पीकेडनेस म्हणतात आणि इथे तो १.५५ आहे.

यापुढचा हिशेब सोपा आहे. हेवर्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सन्निकट पद्धतीत ट्रॅफिक आणि सर्किटे दोन्ही पीकेडनेसने भागून एर्लांगच्या सूत्रात घालतात. २० भागिले १.५५ म्हणजे १२.९ एर्लांग आणि ३० भागिले १.५५ म्हणजे १९.३ सर्किटे. ब्लॉकिंग सुमारे २.३ टक्के. ०.८५ वरून आपण २.३ वर आलो, तेही मोजणीतला एकही आकडा न बदलता. शिवाय, गट भरलेला असण्याच्या काळाचा वाटा आणि अडलेल्या कॉलचा वाटा आता सारखे राहत नाहीत. ओव्हरफ्लोचे कॉल घोळक्याने येतात, म्हणून गट भरलेला सापडण्याची वेळ थेट कॉलपेक्षा त्यांच्यावरच अधिक येते.

उरलेल्या फरकाचे कारण मला ‘बिझी अवर’ या कल्पनेत दिसते. तासाची सरासरी घेताना आपण असे गृहीत धरतो की तासभर ट्रॅफिकचा जोर एकसारखा आहे. समजा, पहिल्या अर्ध्या तासात १६ एर्लांग आणि दुसऱ्या अर्ध्या तासात २४ एर्लांग आले. सरासरी २० च. पण साध्या यादृच्छिक ट्रॅफिकसाठीसुद्धा ३० सर्किटांवर १६ एर्लांगला ब्लॉकिंग ०.०६ टक्के आणि २४ एर्लांगला ४ टक्के येते. दुसऱ्या अर्ध्या तासात कॉलही अधिक असतात, म्हणून तासाभरात एकूण अडलेल्या कॉलचे प्रमाण २.४ टक्के होते. जोराच्या अर्ध्या तासाने जे बिघडवले ते शांत अर्धा तास भरून काढू शकत नाही.

आपल्याकडे एसटीडी बूथच्या काळात याचे अगदी ठळक उदाहरण होते. रात्री उशिरा चौथाई दर लागू व्हायचे आणि त्या वेळेची वाट पाहत बूथबाहेर रांगा उभ्या असायच्या. दर बदलण्याची वेळ होताच लांब पल्ल्याच्या सर्किटांवर एकाच मिनिटात कॉलचा भडिमार व्हायचा. ते कॉल एकमेकांपासून स्वतंत्र नव्हते. सगळे एकाच घड्याळाकडे पाहून केलेले होते. अशा वेळी तासाची सरासरी घेऊन प्वासाँचा नियम लावणे म्हणजे मूळ गृहीतकच नाकारणे होय. आजही परीक्षेचा निकाल सांगणारा फोन क्रमांक, दूरचित्रवाणीवरील मतदान किंवा भूकंपानंतरची काही मिनिटे या सर्वांना हेच लागू पडते. अशा घटनांसाठी सर्किटे वाढवण्याचा विचार करू नये. येणारे कॉल उगमाजवळच रोखण्याची व्यवस्था करावी.

मोजणीच्या भरवशाबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ट्रॅफिकचा जोर तासभर अगदी स्थिर असला तरी एका तासाची मोजणी दुसऱ्या तासाशी जुळणार नाही. सरासरी कॉल ३ मिनिटांचा आणि खरा ट्रॅफिक २० एर्लांग असेल तर एका तासाच्या मोजणीचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा फरक, सुमारे १.४ एर्लांग असते. म्हणजे खरे २० असताना एखाद्या दिवशी १८.६ आणि एखाद्या दिवशी २१.४ दिसणे यात काहीही विशेष नाही. एका दिवसाच्या आकड्यावर सर्किटांची मागणी नोंदवणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो.

आता पुन्हा डायल करण्याविषयी. एर्लांगचे सूत्र असे मानते की अडलेला कॉल कायमचा निघून जातो. एंगेज टोन ऐकून शांतपणे रिसीव्हर ठेवणारा माणूस मला तरी फारसा भेटलेला नाही. समजा, ३० सर्किटांवर मूळचे २७ एर्लांग आहेत. पुन्हा कोणीच डायल केले नाही तर ब्लॉकिंग ८.२ टक्के. पण प्रत्येक अडलेल्या प्रयत्नामागे ८० टक्के लोक पुन्हा डायल करत असतील तर देऊ केलेला ट्रॅफिक वाढतो, त्यामुळे ब्लॉकिंग वाढते, त्यामुळे आणखी प्रयत्न होतात, आणि हे चक्र सुमारे ३०.४ एर्लांग आणि १४ टक्क्यांवर स्थिरावते. इथे पुनःप्रयत्नही यादृच्छिक वेळी येतात असे मानले आहे. प्रत्यक्षात लोक लगेच डायल करतात, म्हणून परिस्थिती यापेक्षा वाईटच असते. मात्र याची दुसरी बाजूही आहे : काउंटर १४ टक्के प्रयत्न अडल्याचे दाखवत असताना शेवटी कॉल न लागताच नाद सोडणाऱ्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास असते. काउंटर प्रयत्न मोजतो, माणसे मोजत नाही. दर्जाचा अहवाल लिहिताना हे दोन आकडे एकमेकांच्या जागी टाकू नयेत. ग्राहकाला झालेला त्रास पहिला सांगतो, त्याचे झालेले नुकसान दुसरा सांगतो.

आपल्या गटावर ब्लॉकिंग ४ टक्क्यांच्या घरात असल्याने पुनःप्रयत्नांचा वाटा लहान आहे. ओव्हरफ्लो आणि तासातली असमानता ही दोन कारणे एकत्र धरली की ४ टक्क्यांचा आकडा मला पूर्ण पटण्यासारखा वाटतो.

अडलेले कॉल एक्स्चेंजच्या आतच अडले असतील का, हा प्रश्नही विचारला आहे. तीन टप्प्यांच्या स्विचिंग जाळ्यात आत येणाऱ्या प्रत्येक स्विचला १० वाटा असतील, तर मधल्या टप्प्यात १९ स्विच ठेवले की अंतर्गत ब्लॉकिंग अजिबात होत नाही. चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ साली ते सिद्ध केले. मधले स्विच १५ च असतील आणि प्रत्येक वाट ७० टक्के व्यस्त असेल, तर ली यांच्या पद्धतीने ब्लॉकिंग ०.७ टक्क्याच्या आसपास येते. ती पद्धत प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे व्यस्त असतो असे मानते, म्हणून १९ स्विच असतानाही ती अगदी लहान पण शून्याहून मोठे उत्तर देते. तिच्याकडे वरचा अंदाज म्हणून पाहावे. जुन्या क्रॉसबार एक्स्चेंजमध्ये हा विचार अटळ होता. डिजिटल एक्स्चेंजमध्ये काळ आणि जागा या दोन्ही प्रकारचे स्विचिंग एकत्र वापरल्यामुळे अंतर्गत ब्लॉकिंग इतके कमी असते की तुमच्या ४ टक्क्यांमध्ये ते शोधू नये. तरीही ‘सर्व सर्किटे व्यस्त’ या कारणाचा काउंटर वेगळा काढून खात्री करून घ्यावी.

सगळे गट एकत्र करून एकच मोठा गट केला तर, अशीही एक सूचना प्रश्नात आहे. काटकसरीच्या दृष्टीने ती योग्य आहे. १ टक्का ब्लॉकिंगवर ५ सर्किटे केवळ १.३६ एर्लांग वाहतात, ३० सर्किटे २०.३ आणि १०० सर्किटे ८४. म्हणजे प्रत्येक सर्किटाचा उपयोग २७ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांपर्यंत चढतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दोन कंपन्यांमधील जोडणीच्या ठिकाणी, म्हणजे पीओआयवर, ०.५ टक्क्याची मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेत एका ई-वनची, म्हणजे एका डिजिटल जोडणीची, ३० सर्किटे सुमारे १९ एर्लांग वाहतात आणि दोन ई-वन एका गटात जोडले तर जवळजवळ ४५ एर्लांग, म्हणजे दुपटीहून सात एर्लांग अधिक. पण मोठा गट काटोकाट भरून चालवला की तो नाजूक होतो. ट्रॅफिक १० टक्क्यांनी वाढला तर ५ सर्किटांच्या गटाचे ब्लॉकिंग १ वरून १.४ टक्क्यांवर जाते, १०० सर्किटांच्या गटाचे मात्र साडेतीन टक्क्यांच्या वर. म्हणून मोठ्या गटांसाठी सामान्य दिवसाच्या निकषाबरोबर वाढीव ट्रॅफिकचा दुसरा निकष लावल्याशिवाय मी आराखडा मंजूर करत नाही.

हाच नाजूकपणा ओव्हरफ्लो घेणाऱ्या गटात आणखी तीव्र होतो. तुमच्या थेट मार्गावरचा ट्रॅफिक १० वरून १२ एर्लांग झाला, म्हणजे २० टक्क्यांनी वाढला, तर त्याचा ओव्हरफ्लो २.१५ वरून ३.६२ एर्लांगवर जातो. ही वाढ जवळजवळ ७० टक्के आहे. टँडेमवर आज ४ टक्के दिसत असतील तर पुढच्या सणाच्या आठवड्यात ते ६ होतील असा सरळ रेषेतला अंदाज बांधू नये.

तेव्हा प्रत्यक्ष करायचे काय? सर्वप्रथम, तासाऐवजी पंधरा मिनिटांच्या मोजण्या निदान काही आठवडे घ्याव्यात आणि टँडेमच्या गटावर थेट आलेले कॉल व वळवलेले कॉल वेगळे नोंदवावेत. तुमच्या आकड्यांवरून, तासाच्या सरासरीसाठी १ टक्क्याच्या आत राहायचे तर ३३ सर्किटे पुरतात. पण जोराच्या अर्ध्या तासात खरोखरच २४ एर्लांग येत असतील आणि त्या वेळीही १ टक्का राखायचा असेल तर सुमारे ३८ सर्किटे लागतील, आणि तोवर पीकेडनेसही थोडा चढलेला असेल. म्हणजे दुसरा ई-वन घ्यावाच लागेल.

दुसरा मार्ग असा की टँडेमला हात न लावता पाचही थेट मार्ग १० ऐवजी १३ सर्किटांचे करायचे. प्रत्येकाचा ओव्हरफ्लो २.१५ वरून ०.८४ एर्लांगवर येतो, टँडेमवरचा एकूण ट्रॅफिक १३.५ एर्लांगपर्यंत उतरतो आणि आहे त्या ३० सर्किटांवर ब्लॉकिंग ०.१ टक्क्याच्याही खाली जाते. यात १५ सर्किटे वाढतात, टँडेममध्ये ८ वाढली असती. थेट सर्किट टँडेमच्या सर्किटापेक्षा किती स्वस्त पडते, टँडेम एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलसाठी किती क्षमता खर्ची पडते आणि थेट मार्गांवर मोकळ्या जोड्या उपलब्ध आहेत का, यावर निवड ठरेल. केबल आधीच टाकलेली असेल तर मी दुसरा मार्ग घेईन, कारण त्याने टँडेमकडे येणारा घोळक्याचा ट्रॅफिकच कमी होतो. केबल नवी टाकावी लागणार असेल तर दुसरा ई-वन मागवावा आणि थेट मार्ग आहेत तसेच राहू द्यावेत.